पाठमोरा

मला विचाराल तर त्याचा चेहरा नीट सांगता येणार नाही.
नऊ हंगाम मी गोलात उभा
आणि तो माझ्यापुढे पंधरा पावलांवर, पाठमोरा.
पाच नंबर, धुऊन धुऊन अर्धा सोललेला,
लांबून तीन वाटायचा.
डाव्या कोपराला कायमची पट्टी.
कॉर्नर आला की हात मागे करून
माझी जर्सी चाचपायचा,
अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा.
आहेस ना?
आहे.

गजेंद्र मढवी, करावे गाव.
दुसऱ्या डिव्हिजनचा स्टॉपर.
करार अकरा महिन्यांचा, भाड्याच्या खोलीसारखा,
बारावा ज्याचा त्याने काढायचा.
तो काढायचा मामाच्या टेम्पोवर,
तुर्भ्याच्या बाजारातून कांद्याच्या गोणी.
मालक म्हणायचे, पाय सांभाळ रे.
पगार ते स्वतःच सांभाळायचे, दोन-दोन महिने.

नेरूळच्या मैदानावर पहिल्यांदा उतरलो
तेव्हा वॉर्मअप सोडून त्याने मला
कॉर्नरचा झेंडा दाखवला.
"ती आमची जागा व्हती. आज्याचं खाचर.
सिडकोनी नेली."
आणि हसला.
त्या दिवशी त्या कोपऱ्यातून एक क्रॉस आत आला नाही.
लोक म्हणाले, काय खेळतो!
मला दिसत होतं,
हा सातबारा राखतोय.

त्याच्या नावावर गोल दोन.
एक कोल्हापुरात, गुडघ्याला लागून गेलेला.
त्याचा फोटो नाही,
फोटोवाला चहा प्यायला गेला होता.
दुसरा आपल्याच जाळ्यात.

त्या दुसऱ्याबद्दल बोलायचंय.

बरोबरी पुरली असती, वर गेलो असतो.
अठ्ठ्याऐंशीवं मिनिट.
उंच चेंडू, फ्लडलाइटमध्ये क्षणभर हरवलेला.
अशा वेळी कीपरने ओरडायचं असतं, "माझा!"
हात नंतर, आधी आवाज,
हे मला बाराव्या वर्षी शिकवलेलं.
मी पुढे आलो
आणि ओरडलोच नाही.
घसा होता, श्वास होता.
का, ते अजून सापडलेलं नाही.
तो मागे न बघता उडाला,
कारण हाक नाही म्हणजे चेंडू त्याचा.
डोक्याला लागून, माझ्या बोटांवरून,
फार सावकाश गेला तो.
मला त्यावरची शिवण मोजता आली असती.

पेपरात दीड ओळ : मढवीचा स्वयंगोल.
परतीच्या बसमध्ये कोच
मागच्या सीटपर्यंत चालत आला
आणि त्याला जे बोलला ते इथे लिहीत नाही.
मी खिडकीशी बुटाची गाठ सोडत होतो.
ती सुटलेलीच होती.
तो म्हणाला, "मना हाक आयकू नाय आली, सर."
आयकू नाय आली.
मारलीच नव्हती, असं नाही म्हणाला.

पुढच्या वर्षी त्याला अकरा महिने मिळाले नाहीत.
गुडघ्याचं कारण दिलं.
मला मिळाले. आणखी तीनदा.

परवा सानपाड्याला,
फ्लायओव्हरखालच्या जाळीबंद टर्फवर
तो पोरांना शिकवत होता.
बाहेर आया डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन.
सगळ्यांना दहा नंबर हवा,
पाच एका जाडजूड पोराला दिलेला, रडवेल्या.
त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होता,
"मागं बघायचं नाय.
मागचा हाक मारतोच."

पाठ तीच. थोडी रुंद झालेली.
वरून ट्रेलर जात होते, खांब थरथरत होता.
मी जाळीत बोटं अडकवली, तोंड उघडलं.
चेंडू घरंगळत माझ्या पायाशी, जाळीपलीकडे थांबला.
तो जाडा पोरगाच आला घ्यायला.
"काका, कुणाला बोलवू?"